जनुकांची खतावणी

१९६५ साली अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यातून, सिल्व्हर स्प्रिंग नावाच्या उपनगरातून, एक पुस्तक निघालं. नाव ‘अ‍ॅटलस ऑफ प्रोटीन सीक्वेन्स अँड स्ट्रक्चर’. त्यात पासष्ट प्रथिनांचे क्रम छापले होते, म्हणजे प्रत्येक प्रथिनातली अमिनो आम्लं एकामागून एक कोणत्या ओळीने येतात त्याच्या याद्या. त्या वेळी जगाला माहीत असलेलं जवळपास सगळं त्यात आलं होतं. घोडा, डुक्कर, माणूस, यीस्ट यांच्यातल्या सायटोक्रोम नावाच्या प्रथिनाचे क्रम एकाखाली एक लावून ठेवलेले. वाचायला घेतलं तर दोन पानांत झोप यावी असा मजकूर. पण आज जीवशास्त्राचा विद्यार्थी मोबाइलवर बसल्या जागी एखाद्या जनुकाचा क्रम शोधतो, त्या सगळ्या पसाऱ्याची पहिली खतावणी हीच.

ही खतावणी लिहिणाऱ्या बाईंचं नाव मार्गारेट ओकले डेहॉफ. जन्म १९२५चा, फिलाडेल्फियाचा. शिक्षण क्वांटम रसायनशास्त्राचं. पीएच.डी. कोलंबिया विद्यापीठाची, १९४८ची. त्या प्रबंधासाठी त्यांनी रेणूंच्या ऊर्जेची आकडेमोड हाताने न करता पंचकार्डांच्या यंत्रांवर केली होती. रसायनशास्त्राचा प्रश्न यंत्राच्या गळी कसा उतरवायचा, ही त्यांची हातोटी तेव्हापासूनची. मध्ये मुली लहान असताना काही वर्षं संशोधन सुटलं. मग १९६०च्या सुमारास रॉबर्ट लेडली यांच्या नव्या ‘नॅशनल बायोमेडिकल रिसर्च फाउंडेशन’मध्ये त्या रुजू झाल्या. लेडली मूळचे दंतवैद्य, पण डॉक्टरकीत संगणक आणायचाच या विचाराने पछाडलेले. जोडी जमली.

त्या काळी प्रथिनाचा क्रम शोधणं म्हणजे वर्षानुवर्षांचं काम. फ्रेडरिक सँगर यांनी इन्शुलिनचा क्रम लावला. त्यात अमिनो आम्लं फक्त ५१, पण वेळ गेला जवळजवळ दहा वर्षं. अख्खं प्रथिन एका दमात वाचता येत नसे. वेगवेगळ्या विकरांनी ते कापायचं, तुकडे वेगळे करायचे, एकेक तुकडा वाचायचा आणि मग ते जुळवायचे. समजा एका विकराने कापल्यावर ‘कखग’ आणि ‘घचछ’ असे दोन तुकडे मिळाले. त्यातला आधी कुठला, नंतर कुठला, ते कळत नाही. दुसऱ्या विकराने तेच प्रथिन कापलं तर ‘कख’, ‘गघच’ आणि ‘छ’ मिळाले. आता ‘गघच’ या तुकड्याने पहिल्या दोघांची गाठ मारून दिली: ‘ग’नंतर ‘घ’, म्हणजे मूळ क्रम ‘कखगघचछ’. सहा अक्षरांचं हे कोडं पोरखेळ वाटतं. शंभर-दीडशे अमिनो आम्लं आणि डझनावारी तुकडे समोर आले, त्यातले काही अर्धवट वाचलेले असले, की माणसाचं डोकं चालेनासं होतं. डेहॉफ आणि लेडली यांनी १९६२मध्ये हे जुळवाजुळवीचं काम आयबीएम ७०९० या संगणकाकडून करून घेतलं. प्रोग्रॅमचं नाव ‘कॉम्प्रोटीन’, भाषा फोरट्रान. पुढे अडतीस वर्षांनी मानवी जीनोमचे तुकडे जुळवताना प्रश्न मुळात हाच होता, फक्त तुकडे लाखांनी होते.

पंचकार्डावर जागा थोडी. अ‍ॅलानिनसाठी ‘अला’, ग्लायसिनसाठी ‘ग्लाय’ अशी तीन-तीन अक्षरी नावं रसायनशास्त्रज्ञांच्या अंगवळणी पडलेली होती. त्यांनी कार्डं भरून जात. म्हणून वीस अमिनो आम्लांना एकेक रोमन अक्षर वाटण्याची पद्धत आली, आणि तिचं बरंचसं श्रेय डेहॉफ यांचं. वाटणी करताना थोडी गंमतही करावी लागली. एल ल्युसिनला गेल्यावर लायसिनच्या वाट्याला शेजारचा के आला. आर्जिनिनला उच्चारातला आर मिळाला. दुहेरी कड्याच्या धिप्पाड ट्रिप्टोफॅनला रोमन लिपीतलं सगळ्यात ऐसपैस अक्षर, डब्ल्यू. साठ वर्षं होत आली, हीच वाटणी जगभर चालते.

अ‍ॅटलसची सामग्री जमा कशी व्हायची, हे पाहण्यासारखं आहे. नियतकालिकं चाळायची, क्रम टिपायचे, कार्डांवर चढवायचे, पुन्हा मूळ लेखाशी ताडून पाहायचे. छापलेल्या क्रमांत चुका सापडत, मग लेखकाला पत्र लिहायचं. अप्रकाशित क्रम पाठवा, अशी विनंतीही पत्रांतून जाई. तिथे गाडी अडायची. ज्याने तीन वर्षं घासून एक क्रम मिळवला, त्याला तो छापायच्या आधी दुसऱ्याच्या पुस्तकात कशाला जाऊ द्यावासा वाटेल? छापून आल्यावरही त्यातून निघेल तेवढा रस आपणच काढावा, ही इच्छा अगदी मानवी. दुसरीकडे डेहॉफ यांच्या कामाला ‘संकलन’ म्हणून नाक मुरडणारेही पुष्कळ होते. प्रयोग करतो तो शास्त्रज्ञ, याद्या करतो तो कारकून, असा तो हिशेब. सरकारी अनुदान आज आहे, उद्या नाही. म्हणून अ‍ॅटलस विकत घ्यावा लागे, आणि पुढे चुंबकी टेपवर डेटा मिळू लागला तेव्हा त्याच्यासोबत अट असे: हा डेटा पुढे कोणाला वाटायचा नाही. यात हाव होती असं मला वाटत नाही. दुकान चालू राहावं एवढाच या अटीमागचा हेतू दिसतो. पण याच अटीने पुढे घात केला.

‘नुसतं संकलन’ म्हणणाऱ्यांना डेहॉफ यांनी १९७८मध्ये जे उत्तर दिलं ते मात्र अफाट होतं. जवळच्या नात्यातल्या प्रथिनांचे एकाहत्तर गट घेऊन त्यांनी एक अमिनो आम्ल जाऊन त्या जागी दुसरं आल्याचे १,५७२ बदल मोजले. त्यावरून एक तक्ता केला: उत्क्रांतीत कोणतं आम्ल कोणाची जागा सहज घेतं आणि कोणतं जवळजवळ कधीच घेत नाही. हाच पुढे ‘पॅम’ तक्ता म्हणून ओळखला गेला. दोन प्रथिनं एकाच पूर्वजाची आहेत की त्यांचं साम्य योगायोगाचं आहे, हे आता डोळ्यांच्या अंदाजावर सोडायची गरज उरली नाही, त्याला गुण देता येऊ लागले. याद्या नीट लिहून ठेवल्या नसत्या तर हे बदल कोणी आणि कशातून मोजले असते?

तोवर वारं फिरलं होतं. १९७७मध्ये सँगर यांनी इंग्लंडात, आणि अ‍ॅलन मॅक्सम व वॉल्टर गिल्बर्ट यांनी अमेरिकेत, डीएनएचा क्रम झपाट्याने वाचायच्या पद्धती काढल्या. प्रथिनांच्या मानाने डीएनए वाचणं एकदम सोपं झालं. जो तो क्रम छापू लागला. नियतकालिकांची पानंच्या पानं ए, सी, जी, टी या चार अक्षरांनी भरू लागली. ते वाचून माणसाला काही कळण्यासारखं नव्हतं आणि ते संगणकात नव्हतं. मार्च १९७९मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात काही शास्त्रज्ञ जमले आणि एक सामाईक, सरकारी पैशाचा डेटाबेस हवा, यावर एकमत झालं. अमेरिकी सरकारची चाकं मात्र सावकाश फिरत होती. तेवढ्यात जर्मनीत, हायडेलबर्गच्या युरोपीय रेण्वीय जीवशास्त्र प्रयोगशाळेने आपली डेटा लायब्ररी उभी केली आणि १९८२मध्ये पहिली आवृत्ती बाहेरही काढली. तिच्यात ५६८ नोंदी होत्या, सगळी मिळून सहा लाखांच्या आत अक्षरं.

अमेरिकेत या सरकारी डेटाबेसच्या कंत्राटाचे दोन दावेदार होते. एक अर्थात डेहॉफ. त्यांनी डीएनएचेही क्रम गोळा करायला सुरुवात केली होती आणि १९८०मध्ये टेलिफोनच्या तारेवरून ते पाहण्याची सोयही केली होती. अनुभव, माणसं, साठा, सगळं त्यांच्याकडे होतं. दुसरे वॉल्टर गोड, न्यू मेक्सिकोतल्या लॉस अलामॉसचे. हे सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ, १९५०पासून तिथे हायड्रोजन बॉम्बच्या आकडेमोडीत. पुढे त्यांचं मन जीवशास्त्राकडे वळलं. लॉस अलामॉसला पैशाची ददात नव्हती आणि जगातले सगळ्यात ताकदवान संगणक दाराशी होते. गणिती डोकीही तिथे कमी नव्हती: टेंपल स्मिथ आणि मायकेल वॉटरमन यांनी १९७४चा उन्हाळा तिथेच एकत्र काढला, आणि दोन क्रमांतला सर्वांत जास्त जुळणारा भाग नेमका शोधून काढणारी त्यांची १९८१ची रीत आजही पाठ्यपुस्तकात आहे. जपानचे मिनोरू कानेहिसाही गोड यांच्यासोबत होते. पुढे त्यांनी क्योटोत ‘केग’ हा डेटाबेस उभा केला.

अणुबॉम्बच्या प्रयोगशाळेत जीवशास्त्राची खतावणी ठेवायची, ही कल्पना ऐकून अनेकांच्या कपाळाला आठ्या पडल्या. काटेरी कुंपण, पहारे आणि गोपनीयता हा ज्या जागेचा स्वभाव, तिथून मोकळा डेटा कसा मिळणार? गोड यांनी नेमका हाच मुद्दा उलटा फिरवला. आमच्याकडचा डेटा कोणीही घ्यावा, कितीही जणांना वाटावा, आम्ही त्यावर मालकी सांगणार नाही, असं त्यांनी लिहून दिलं. जोडीला केंब्रिज, मॅसॅच्युसेट्सची ‘बोल्ट, बेरानेक अँड न्यूमन’ ही कंपनी घेतली. इंटरनेटचा पूर्वज असलेल्या अर्पानेटची यंत्रणा उभारणारे हेच लोक. ३० जून १९८२ रोजी कंत्राट त्यांना मिळालं. नाव ठरलं जेनबँक. डेहॉफ हरल्या.

त्यानंतर सात महिन्यांनी, ५ फेब्रुवारी १९८३ला, हृदयविकाराने त्यांचं निधन झालं. वय ५७. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध लावण्याचा मोह अनेकांना होतो. तसा लावायला आधार नाही. पण ज्या बाईने इतकी वर्षं ही खतावणी चालवली, तिच्या हातून ती काढून घेताना कारण दिलं गेलं ते दुकानदारीचं, आणि दुकान मांडण्याची पाळी तिच्यावर का आली याचा विचार फारसा कोणी केला नाही, एवढं म्हणायला हरकत नसावी.

जेनबँकेची डिसेंबर १९८२ची आवृत्ती: ६०६ क्रम, ६,८०,३३८ अक्षरं. आजही त्या नोंदीचा साचा फारसा बदललेला नाही. वरती ‘लोकस’ची ओळ: नाव, लांबी, तारीख. मग ‘डेफिनिशन’ म्हणजे हा क्रम कोणत्या जीवाचा, कोणत्या जनुकाचा. मग ‘अ‍ॅक्सेशन’, नोंदीचा कायमचा क्रमांक. नोंद सुधारली, नाव बदललं, तरी तो क्रमांक हलत नाही. त्याखाली कोणी, कुठे छापलं ते. मग ‘फीचर्स’: इथून इथपर्यंत प्रथिनाचा संदेश, इथे त्याची सुरुवात, इथे शेवट. शेवटी ‘ओरिजिन’, आणि त्याखाली खुद्द क्रम. एका ओळीत साठ अक्षरं, दहा-दहाच्या सहा गटांत, डाव्या बाजूला मोजणीचा आकडा. नोंद संपली की दोन तिरक्या रेघा. साठ-साठ अक्षरांच्या या ओळी एकेकाळी माणसांनी हाताने टंकल्या आहेत, हे आता सांगूनही खरं वाटत नाही.

पण टंकल्या आहेत. जेनबँकेची पहिली पाच वर्षं म्हणजे मुख्यतः टंकलेखनाची कहाणी आहे. शास्त्रज्ञ क्रम नियतकालिकात छापणार, बऱ्याचदा आकृती म्हणून, बारीक टायपात, कधी संगणकाच्या छपाईचा पुसट फोटो. जेनबँकेतली माणसं तो अंक उघडून अक्षर न् अक्षर परत संगणकात चढवणार. म्हणजे जो क्रम प्रयोगशाळेत आधीच संगणकात होता तो कागदावर उतरायचा, छापखान्यात जायचा आणि पुन्हा संगणकात शिरायचा. प्रत्येक पायरीवर चुकीला वाव. ‘एजीजीजीजी’मध्ये जी चार की पाच? एक अक्षर गळलं की पुढचा सगळा अर्थ सरकतो, कारण जनुकाचा संदेश तीन-तीन अक्षरांनी वाचतात. १९८०च्या दशकाच्या मध्याला छापून आलेला क्रम जेनबँकेत दिसायला वर्षभर, कधी त्याहूनही जास्त लागू लागला. टंकणारी माणसं वाढवली तरी क्रम त्याहून वेगाने वाढत. ताजा डेटा ज्यात नाही असा डेटाबेस काय कामाचा, असं लोक उघड बोलू लागले.

मग शास्त्रज्ञांनीच आपला क्रम थेट पाठवावा, हे उघड उत्तर कोणाला सुचलं नव्हतं का? सुचलं होतं. फॉर्म छापले, विनंत्या केल्या, आवाहनं केली. प्रतिसाद बेताचाच. फॉर्म भरून मिळणार काय? नोकरी मिळते ती लेखांवर, बढती मिळते ती लेखांवर. खतावणीत नोंद केल्याबद्दल कोणी शाबासकी देत नाही. अखेर कळ दाबली ती नियतकालिकांनी. ‘न्यूक्लिइक अ‍ॅसिड्स रिसर्च’ने हायडेलबर्गच्या मंडळींशी ठरवून १९८८पासून नियम केला: क्रम डेटाबेसला दिल्याचा क्रमांक दाखवा, तर लेख छापू. हळूहळू इतरांनीही तेच केलं. फ्लॉपीवर क्रम भरून पाठवायचे प्रोग्रॅम आले, पुढे ई-मेल, मग वेब. टंकणाऱ्यांचा ढीग काही वर्षांत उपसला गेला. जपानच्या मिशिमा इथला डेटाबेसही याच सुमारास सामील झाला आणि तिघांनी आपापल्या नोंदी रोज एकमेकांना द्यायचं ठरवलं. एकीकडे भरलं की तिन्हीकडे दिसतं.

मुक्त विज्ञानाचे गोडवे गाताना ही गोष्ट बहुतेक वेळा गाळली जाते. डेटा मोकळा झाला तो शास्त्रज्ञांच्या उदारपणामुळे कमी, आणि क्रमांक नाही तर लेख नाही या दटावणीमुळे जास्त.

खतावणी कितीही मोठी झाली तरी तिच्यात शोधता आलं नाही तर ती अडगळच. शोधण्याची ताकद जगाला पहिल्यांदा दिसली ती १९८३च्या जुलैमध्ये. कॅलिफोर्नियात सॅन डिएगोला रसेल डुलिटल नावाचे प्राध्यापक स्वतःचा छोटा प्रथिन-डेटाबेस बाळगून होते. अ‍ॅटलसमध्ये अजून न आलेले नवे क्रम त्यात भरत. नावही ‘न्यूॲट’, म्हणजे नवा अ‍ॅटलस. माकडात कर्करोग घडवणाऱ्या एका विषाणूच्या जनुकाशी एक नवा क्रम त्यांनी ताडून पाहिला. नवा क्रम रक्तातल्या बिंबिकांमधून सुटणाऱ्या, पेशींना वाढायला लावणाऱ्या एका प्रथिनाचा. दोन्ही जवळजवळ एकच निघाले! विषाणूने शरीराचंच वाढीचं प्रथिन पळवलं होतं आणि त्याच्या जोरावर पेशी बेफाम वाढत होत्या. लंडनच्या एका गटालाही त्याच सुमारास हेच सापडलं. कर्करोगावर वर्षानुवर्षं चाललेल्या एका तर्काला पुरावा मिळाला, आणि तो परीक्षानळीतून नव्हे, तर दोन याद्या शेजारी ठेवून.

डुलिटल यांच्यापुढचे क्रम मोजके होते. लाखो अक्षरांत शोधायचं तर स्मिथ-वॉटरमन यांची नेमकी रीत तेव्हाच्या संगणकांना पेलत नसे. एकेका शोधाला फार वेळ जाई. १९८५मध्ये डेव्हिड लिपमन आणि विल्यम पीअरसन यांनी एक झटपट प्रोग्रॅम काढला, तोच पुढे ‘फास्टा’ झाला. त्यातली ‘मोठं-पेक्षा’ या चिन्हाने सुरू होणारी नावाची ओळ आणि खाली नुसता क्रम, ही मांडणी मूळ प्रोग्रॅमपेक्षाही जास्त टिकली. १९९०मध्ये आला ‘ब्लास्ट’: स्टीफन ऑल्टशुल, वॉरन गिश, वेब मिलर, यूजीन मायर्स आणि पुन्हा लिपमन. युक्ती अशी की सगळं तपासायचंच नाही. आपला क्रम छोट्या शब्दांत फोडायचा, डीएनए असेल तर अकरा अक्षरांचे, प्रथिन असेल तर तीन. डेटाबेसमध्ये त्या शब्दाला जोड मिळाली तरच तिथे थांबायचं आणि दोन्ही बाजूंनी जुळणी वाढवत न्यायची. गुण घसरले की सोडून द्यायचं. एखादी खरी जुळणी यात निसटू शकते, पण वेळ वाचतो तो कित्येक पटींनी. शिवाय उत्तरासोबत ब्लास्ट एक आकडा देतो: एवढं साम्य एवढ्या मोठ्या डेटाबेसमध्ये निव्वळ योगायोगाने किती वेळा दिसलं असतं. माझ्या मते ब्लास्टचा जास्त मोठा उपकार हा आकडा आहे. साम्य दिसलं की हुरळून जायचं, ही सवय त्याने मोडली.

लिपमन तेव्हा वॉशिंग्टनजवळच्या बेथेस्डातल्या एका नव्या सरकारी केंद्राचे प्रमुख होते. क्लॉड पेपर या वयोवृद्ध लोकप्रतिनिधीच्या पुढाकाराने नोव्हेंबर १९८८मध्ये कायदा होऊन ‘एनसीबीआय’ स्थापन झालं होतं. १९९२मध्ये जेनबँक लॉस अलामॉसहून तिथे आली ती कायमची. खतावणी आणि तिच्यात शोधणारा प्रोग्रॅम एका छपराखाली आले. वेब येण्याआधी लोक ई-मेलमध्ये क्रम लिहून पाठवत आणि जुळण्यांची यादी ई-मेलनेच परत येई.

भारतात याची चाहूल बऱ्यापैकी लवकर लागली होती. केंद्र सरकारचा जैवतंत्रज्ञान विभाग १९८६चा. त्याने लगेच देशभर जैवमाहिती केंद्रांचं जाळं विणायला घेतलं. त्यातलं एक १९८७मध्ये पुणे विद्यापीठात, गणेशखिंडीच्या आवारात सुरू झालं. ‘बायोइन्फर्मेटिक्स’ हा शब्दच तेव्हा जगात नवा होता. केंद्राची धुरा अशोक कोळसकर यांच्याकडे. पुढे ते विद्यापीठाचे कुलगुरूही झाले. सर्वसामान्य भारतीयाला इंटरनेट मिळायला १५ ऑगस्ट १९९५ उजाडायचा होता. जाळ्याबाहेरच्या जगात डेटाबेस टेपवर, नंतर सीडीवर, टपालाने फिरत, आणि हातात पडेपर्यंत जुने झालेले असत. अशा दिवसांत कोळसकर आणि प्रसाद टोंगावकर यांनी १९९०मध्ये एक पद्धत प्रसिद्ध केली: प्रथिनाचा नुसता क्रम पाहून, त्याचा कोणता भाग शरीराच्या प्रतिकारयंत्रणेच्या डोळ्यांत भरेल याचा अंदाज बांधायचा. लस बनवणाऱ्यांना हे हवंच असतं. ही पद्धत दोघांच्या आडनावांनीच ओळखली जाते आणि आजही जगभरच्या साधनांत वापरात आहे. पुण्याच्या या केंद्राने विषाणूंवर विशेष लक्ष दिलं. ऊर्मिला कुलकर्णी-काळे आणि सहकाऱ्यांनी २००४मध्ये ‘व्हिरजेन’ हा विषाणू-जीनोमांचा डेटाबेस मांडला. जेनबँकेतल्या कच्च्या नोंदी घेऊन त्या तपासून, जुळवून, नातेसंबंध लावून ठेवायच्या, असं त्याचं स्वरूप. डेहॉफ यांच्या कामाची जातकुळी तीच.

क्रमाच्या जोडीने नकाशांचाही प्रश्न होता. कोणतं जनुक कोणत्या गुणसूत्रावर, कोणाच्या शेजारी? सूत्रकृमीच्या जीनोमचा नकाशा करताना रिचर्ड डर्बिन आणि जाँ थिएरी-मिएग यांनी १९८९मध्ये ‘एसडीबी’ हे सॉफ्टवेअर लिहायला घेतलं. पडद्यावर गुणसूत्र उभं दिसे, बोट ठेवाल तिथे आत शिरता येई. फुकट असल्यामुळे वनस्पतींच्या अभ्यासकांनीही ते उचललं.

फेब्रुवारी १९९६मध्ये बर्म्युडा बेटावर मानवी जीनोम प्रकल्पाच्या मंडळींनी नियम बांधला: हजार अक्षरांहून लांब जुळलेला कोणताही तुकडा चोवीस तासांच्या आत जाहीर करायचा. आग्रह मुख्यतः जॉन सल्स्टन आणि रॉबर्ट वॉटरस्टन यांचा. दोन वर्षांनी क्रेग व्हेंटर यांच्या ‘सेलेरा’ कंपनीने मानवी जीनोम वाचण्याचं हेच काम खासगी भांडवलावर, आधी पुरं करण्याची घोषणा केली. आणि गंमत बघा, सेलेराला सरकारी गटाचा रोज जाहीर होणारा डेटा आयता मिळत होता, सेलेराचा मात्र वर्गणी भरल्याशिवाय कोणालाच मिळत नव्हता.

२०००च्या उन्हाळ्यात सरकारी गटाकडे तुकडे होते, पण ते जुळवणारा प्रोग्रॅम धड नव्हता. कॅलिफोर्नियातल्या सांताक्रूझ विद्यापीठात जिम केंट नावाचा पीएच.डी.चा विद्यार्थी होता. आधी कार्टून हलवण्याची सॉफ्टवेअरं लिहून पोट भरलेला, वयाने विद्यार्थी म्हणावा असा नव्हे. जीनोमवर कोणा एका कंपनीची मालकी बसेल या धास्तीने तो महिनाभर कामाला जुंपला. दहा हजार ओळींचा प्रोग्रॅम लिहिला. मनगटं इतकी दुखत की रात्री बर्फात बुडवून ठेवावी लागत. शंभर साध्या संगणकांवर २२ जूनला जुळणी पूर्ण झाली. सेलेराची जुळणी त्यानंतर तीन दिवसांनी. २६ तारखेला व्हाइट हाउसमध्ये सोहळा. ७ जुलैला सांताक्रूझने तो सगळा क्रम वेबवर मोकळा केला आणि त्या दिवशी विद्यापीठाच्या इंटरनेट वाहतुकीने तोवरचे सगळे उच्चांक मोडले. त्या नुसत्या अक्षरांच्या राशीत माणूस हरवू नये म्हणून केंटने लगेच पाहण्याची खिडकीही केली. आडव्या पट्ट्यांवर जनुकं, इतर प्राण्यांशी साम्य, माणसामाणसांतले फरक एकाखाली एक दाखवणारा सांताक्रूझचा जीनोम ब्राउझर तोच. इंग्लंडात हिंक्स्टनला ‘एन्सेम्बल’ही त्याच सुमारास उभा राहिला.

सेलेराने फेब्रुवारी २००१मध्ये ‘सायन्स’मध्ये शोधनिबंध छापला, पण क्रम जेनबँकेत दिला नाही, स्वतःच्या साइटवर, अटी घालून ठेवला. १९८८चा नियम बड्या धेंडासाठी वाकवला म्हणून बराच गदारोळ झाला. वर्गणी भरून क्रम पाहणारी गिऱ्हाइकं मात्र फार दिवस टिकली नाहीत. शेजारी तेच फुकट मिळत असताना कोण पैसे देणार? २००५मध्ये कंपनीने आपले क्रम जेनबँकेच्या स्वाधीन केले.

इथे गोष्ट सुखान्त करून टाकता आली असती. पण २००७च्या सुमारास इंडोनेशियाने बर्ड फ्लूचे नमुने बाहेर द्यायला नकार दिला. आमच्या रुग्णांचे विषाणू घ्यायचे, त्यावरून श्रीमंत देशांनी लस काढायची आणि ती आम्हालाच विकायची, ही तक्रार खोटी नव्हती. २००८मध्ये ‘जिसेड’ हा फ्लूच्या क्रमांचा वेगळा डेटाबेस सुरू झाला तो या पार्श्वभूमीवर. नाव नोंदवा, डेटा पुढे वाटू नका, ज्यांनी तो मिळवला त्यांचं ऋण मान्य करा, शक्य तर त्यांना सोबत घ्या. पुढे वाटू नका, ही अट वाचताना डेहॉफ यांची टेप आठवल्याशिवाय राहत नाही.

जानेवारी २०२०मध्ये नव्या करोनाविषाणूचा २९,९०३ अक्षरांचा क्रम शांघायहून बाहेर आला आणि जेनबँकेतही गेला. पण महासाथीतले पुढचे बहुतांश क्रम जमले ते जिसेडमध्ये. केरळमधल्या पहिल्या रुग्णांच्या नमुन्यांतून पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने जे क्रम वाचले, तेही तिथेच ठेवले गेले. जानेवारी २०२१मध्ये शेकडो शास्त्रज्ञांनी पत्र काढलं की हा सगळा डेटा विनाअट खुल्या डेटाबेसमध्ये यावा. त्यावर आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेतल्या काहींनी उलट सांगितलं: अटी आहेत म्हणूनच आम्ही देतो, मोठ्या प्रयोगशाळा आमच्या आधी आमच्याच डेटावर लेख छापून मोकळ्या होतात. १९६५ साली डेहॉफ यांच्या पत्राला उत्तर न देणाऱ्या शास्त्रज्ञाची भीती याहून वेगळी नव्हती. मला स्वतःला खुल्या डेटाची बाजू पटते, पण ती मांडणारे बहुतेक जण सुसज्ज प्रयोगशाळांतले असतात हेही दिसतं.

भारताने आता स्वतःची खतावणी उघडली आहे. फरिदाबादचं भारतीय जैवविदा केंद्र नोव्हेंबर २०२२मध्ये सुरू झालं. ‘जीनोम इंडिया’ प्रकल्पात वाचलेले दहा हजार भारतीयांचे जीनोम तिथे आहेत, आणि जानेवारी २०२५पासून ते संशोधकांना मिळू लागले. त्यासाठी आधी अर्ज करावा लागतो. काय करणार ते लिहून द्यायचं, आणि समितीने मान्य केलं तरच डेटा हाती पडतो.